दुःस्वप्न केव्हा आजार ठरते?

(तालुका पातळीवरील अधिकारी, शिक्षक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्या आरोग्य-शिक्षण शिबिरात दिलेले भाषण)

आरोग्यविषयक शिबिरांतून पिण्याचे पाणी, लसीकरण, कुपोषण, क्षयरोग, सर्पदंश अशा विषयांवर आपण आजवर पुष्कळ ऐकले आहे. त्या मानाने आजचा विषय काहींना किरकोळ वाटण्याचा संभव आहे. वाईट स्वप्ने कोणाला पडत नाहीत? उंचावरून पडल्याचे, कोणी पाठीस लागल्याचे, परीक्षेला बसलो आणि एकही उत्तर आठवेना असे, घरचे माणूस दगावल्याचे स्वप्न पाहून आपण सर्वच केव्हा ना केव्हा दचकून उठलो आहोत. उठून घोटभर पाणी प्यावे, कूस बदलावी आणि पुन्हा झोपी जावे, ही आपली रीत. 'मनी वसे ते स्वप्नी दिसे' एवढे म्हणून आपण ती गोष्ट सोडून देतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत ते योग्यच असते.

काही माणसांच्या बाबतीत मात्र गोष्ट इतक्यावर थांबत नाही. भयंकर स्वप्न आठवड्यातून दोनदा, तीनदा, कधी रोजच पडू लागते. पुढे पुढे स्वप्नाइतकीच झोपेची भीती वाटू लागते. दिवा मालवणे नको वाटते, अंथरुणावर पाठ टेकणे नको वाटते. दुसऱ्या दिवशी डोके जड असते, चित्त थाऱ्यावर नसते, लहानसहान कारणावरून राग येतो. असे महिनोन् महिने चालले तरी तो मनुष्य डॉक्टरांकडे जात नाही. कारण स्वप्न हे काही दुखणे असू शकते, असे त्याच्या किंवा त्याच्या घरच्यांच्या मनातच येत नाही. वैद्यकशास्त्राने मात्र त्याची दुखणे म्हणून नोंद घेतलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत दुःस्वप्न विकाराला झोपेच्या विकारांमध्ये स्वतंत्र स्थान आहे. अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीच्या मते प्रौढांपैकी सुमारे ४ टक्के लोकांना हा विकार असतो.

आपल्यासारख्या कार्यकर्त्यांपुढे हा विषय मांडण्याचे कारण असे की, माणसाची रात्र फार तर घरातल्या मंडळींना दिसते. त्याचा दिवस मात्र आपल्याला दिसतो. बाकावर डुलक्या घेणारा विद्यार्थी शिक्षकांना दिसतो. कामात वारंवार चुका करू लागलेला, एरवी चोख असणारा लिपिक वरिष्ठांना दिसतो. चारचौघांत मिसळेनासा झालेला शेजारी सरपंचांना दिसतो. साधे वाईट स्वप्न आणि आजार यांतील भेद हा पुष्कळसा दिवसाच्या वागणुकीवरूनच ओळखावयाचा असतो. यास्तव हा आजार प्रथम ध्यानात येण्याचा संभव आपल्याच ठायी अधिक आहे.

झोपेची घडण

झोप म्हणजे रात्रभर सारखाच राहणारा काळोख नव्हे. हलकी झोप, गाढ झोप आणि स्वप्नझोप अशा पायऱ्या तीत असतात, आणि सुमारे दीड तासाचे एक याप्रमाणे रात्रीतून चार ते सहा आवर्तने होतात. यांपैकी स्वप्नझोपेचा शोध तसा अलीकडचा. शिकागो विद्यापीठातील युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली असे दाखवून दिले की, झोपेच्या एका विशिष्ट अवस्थेत मिटलेल्या पापण्यांआड बुबुळे झपाझप हलत असतात, आणि त्या वेळी माणसाला उठविले तर तो बहुधा स्वप्न पडत असल्याचे सांगतो. या अवस्थेत मेंदू जागेपणाइतकाच कामात असतो, परंतु हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात. निसर्गाची ही योजना मोठी हिताची आहे. स्वप्नात धावणारा मनुष्य खरोखरच उठून धावू लागता, तर रोज रात्री अपघात झाले असते.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गाढ झोप ही रात्रीच्या पहिल्या भागात अधिक असते, तर स्वप्नझोप पहाटेकडे लांबत जाते. पहिल्या आवर्तनात ती काही मिनिटांचीच असते. शेवटच्या आवर्तनात अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ चालते. झोपेचा घोटाळा रात्रीच्या कोणत्या प्रहरी होतो, यावरून तो कोणत्या जातीचा आहे याचा अंदाज करता येतो.

एकसारख्या दिसणाऱ्या चार गोष्टी

'झोपेत घाबरतो' या एका शब्दप्रयोगात आपण चार वेगवेगळ्या गोष्टी एकत्र करतो. त्या वेगळ्या केल्याशिवाय योग्य सल्ला देता येत नाही.

पहिली गोष्ट खरे दुःस्वप्न. हे बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडते. मनुष्य खडबडून जागा होतो, चटकन पूर्ण भानावर येतो आणि काय पाहिले ते तपशीलवार सांगू शकतो. छाती धडधडत असते, आणि पुन्हा झोप लागण्यास वेळ लागतो.

दुसरी गोष्ट निद्राभय. हे विशेषतः लहान मुलांत आढळते. झोपल्यानंतर दोन-तीन तासांच्या आत मूल एकाएकी किंचाळते, उठून बसते, घामाघूम होते, डोळे उघडे असूनही आईला ओळखत नाही. समजूत घातली तरी ऐकत नाही. काही मिनिटांनी आपोआप निजते आणि सकाळी त्याला यातले काहीही आठवत नाही. घरातील मंडळी भयभीत होतात, मूल मात्र खुशाल असते. हा गाढ झोपेतून अर्धवट जाग येण्याचा प्रकार आहे. अशा वेळी मुलाला गदागदा हलवून जागे करू नये. त्याला इजा होणार नाही एवढे पाहावे. बहुतेक मुलांची ही खोड वयात येईपर्यंत सुटते.

तिसरी गोष्ट अशी की, जाग आली आहे, डोळे उघडे आहेत, पण हात हलत नाही, तोंडातून शब्द फुटत नाही, छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, खोलीत कोणी उभे असल्याचा भास होतो. आपल्या खेड्यापाड्यांतून भुताने छाती दाबल्याच्या ज्या कथा सांगितल्या जातात, त्यांतील कित्येकांचे मूळ येथे आहे. मेंदू जागा होतो, परंतु स्वप्नझोपेतील स्नायूंचे लुळेपण क्षणभर मागे रेंगाळते, एवढाच त्याचा अर्थ. अपुरी आणि अवेळी झोप घेणाऱ्यांना हा अनुभव अधिक येतो. तो काही सेकंदांत, फार तर काही मिनिटांत ओसरतो आणि त्यापासून जिवाला धोका नसतो.

चौथी गोष्ट मात्र गंभीरपणे घ्यावयाची आहे. पन्नाशी ओलांडलेला मनुष्य, आणि त्यांतही बहुधा पुरुष, झोपेत स्वप्नाबरहुकूम लाथा झाडू लागतो, ठोसे मारतो, अंथरुणावरून खाली पडतो, शेजारी निजलेल्या पत्नीला इजा करतो. निसर्गाने घातलेला स्नायूंचा तो बांध येथे फुटलेला असतो. अमेरिकेतील कार्लोस शेंक आणि मार्क माहोवाल्ड यांनी १९८६ साली या विकाराचे वर्णन केले. अशा रुग्णांपैकी पुष्कळांना पुढे काही वर्षांनी कंपवात किंवा त्याच्या जातीचे मेंदूचे आजार झाल्याचे आढळून आले आहे. यास्तव अशा माणसाला मेंदूविकारतज्ज्ञांकडे अवश्य पाठवावे, आणि तोवर त्याचे अंथरूण जमिनीवर घालून जवळपासच्या धारदार व जड वस्तू दूर कराव्यात.

ओळखण्याच्या पाच खुणा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खरे दुःस्वप्न हे आजार केव्हा ठरते? स्वप्न किती भयानक होते यावरून हे ठरत नाही. ते पुढील पाच प्रश्नांच्या उत्तरांवरून ठरवावे.

१. स्वप्न किती वेळा पडते? महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या वेळी पडणाऱ्या स्वप्नाची चिंता करू नये. आठवड्यातून एकदा किंवा त्याहून अधिक वेळा पडू लागले तर लक्ष द्यावे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या नियमावलीत आठवड्याला सरासरी एकाहून कमी स्वप्ने असतील तर विकार सौम्य, एक किंवा अधिक असतील पण रोज नसतील तर मध्यम, आणि रोज रात्री पडत असतील तर तीव्र, अशी प्रतवारी केली आहे.

२. स्वप्नाने झोप किती मोडते? जाग आल्यावर पाच-दहा मिनिटांत पुन्हा डोळा लागतो, की मनुष्य उजाडेपर्यंत बसून राहतो?

३. झोपेची टाळाटाळ सुरू झाली आहे काय? रात्री मुद्दाम उशिरापर्यंत जागणे, मोबाइल किंवा दूरदर्शन संच लावून बसणे, एकट्याने न निजणे, झोप लागावी म्हणून दारू घेणे ही त्याची चिन्हे होत.

४. दिवसावर काय परिणाम झाला आहे? अभ्यास मागे पडणे, कामात चुका, विसराळूपणा, चिडखोरपणा, उदासी, वाहन चालवताना डुलकी येणे, रात्रीचे दृश्य दिवसाही डोळ्यांपुढून न हटणे, यांपैकी काय दिसते?

५. हे किती दिवस चालले आहे? परीक्षा, लग्नकार्य, घरातील आजारपण अशा निमित्ताने चार-आठ दिवस वाईट स्वप्ने पडली तर ती निमित्त सरताच थांबतात. महिना उलटला तरी थांबत नसतील तर वाट पाहू नये.

या पाचांपैकी चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. दिवस सुरळीत असेल तर रात्रीच्या स्वप्नाला आजार म्हणण्याची घाई करू नये. दिवस बिघडला असेल तर 'स्वप्नच ते' म्हणून त्याची बोळवण करू नये.

स्मरणावर विसंबून या प्रश्नांची उत्तरे नीट देता येत नाहीत. यासाठी दोन आठवडे एक साधी नोंद ठेवावी. झोपण्याची वेळ, उठण्याची वेळ, स्वप्नाने जाग आली असल्यास किती वाजता, पुन्हा झोप लागण्यास किती वेळ लागला, त्या दिवशी घेतलेली औषधे, मद्य किंवा तंबाखू, आणि दुसरा दिवस कसा गेला, इतके रकाने पुरेत. शाळेच्या वहीचे एक पान याला पुरते. डॉक्टरांपुढे हे पान ठेवले म्हणजे त्यांचे निम्मे काम होते.

कारणे शोधावी

दुःस्वप्नांमागे काही वेळा अगदी साधे, दूर करता येण्याजोगे कारण असते. ते आधी शोधावे.

औषधे हे त्यांपैकी एक कारण. रक्तदाब व हृदयविकार यांवरील प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या, नैराश्यावरील काही औषधे, कंपवातावरील लेव्होडोपा, दमा व ॲलर्जी यांसाठी मुलांनाही दिले जाणारे मॉन्टेलुकास्ट यांमुळे काहींना वाईट स्वप्ने पडतात. नवे औषध सुरू केल्यापासून स्वप्ने सुरू झाली असतील तर डॉक्टरांना तसे सांगावे. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये. एकाएकी औषध सोडण्याने काही वेळा अधिक अपाय होतो. झोपेच्या गोळ्यांची सवय एकदम तोडली तर वाईट स्वप्ने उसळून येतात, हे त्याचेच उदाहरण.

दारूचेही असेच आहे. दारूने झोप लवकर लागते हे खरे. परंतु ती रात्रीच्या पूर्वार्धातील स्वप्नझोप दाबून टाकते, आणि दारूचा अंमल उतरला की पहाटे ती दुप्पट जोराने परत येते. स्वप्ने चुकविण्यासाठी पिणारा मनुष्य अशा रीतीने आपल्या स्वप्नांची भरच करीत असतो. दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतही स्वप्नांचा त्रास वाढतो. व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांनी ही गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना आधीच सांगून ठेवावी, म्हणजे ते धीर सोडणार नाहीत.

मोठ्याने घोरणे, झोपेत मध्येच श्वास अडणे आणि गुदमरून जाग येणे हे तिसरे कारण. बुडण्याची, गळा दाबला जाण्याची स्वप्ने अशा माणसांना पडू शकतात. त्यांच्या श्वासाच्या अडथळ्यावर उपचार केले म्हणजे स्वप्नेही पुष्कळदा कमी होतात.

याखेरीज ताप, अपुरी झोप आणि पाळ्यांची नोकरी यांचाही विचार करावा. प्रौढ माणसाला रात्री निदान सात तास, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास आणि त्यापुढील वयाच्या मुलामुलींना आठ ते दहा तास झोप लागते. रात्रपाळीचे पोलीस, एस.टी.चे चालक, फडावर पहाटे उठणारे ऊसतोड कामगार यांना ती मिळत नाही, हे आपण जाणतोच.

जेव्हा झोपच धोक्याची वाटते

या सर्वांहून खोल असणारे कारण म्हणजे मनावर झालेला आघात. अपघात, मारहाण, अत्याचार, आप्तांचा अकाली मृत्यू, पूर, आग, भूकंप यांनंतर तोच प्रसंग स्वप्नात पुन:पुन्हा दिसतो. आपल्या राज्याने याचा मोठा अनुभव घेतला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ४ च्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झाले होते. थकून निजलेली हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली झोपेतच गाडली गेली. १९ जुलै २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली तीही रात्रीच. अशा आपत्तीतून वाचलेल्या माणसाच्या मनात झोप आणि मृत्यू यांची गाठ बसते. घरे नवी बांधून दिली, छप्पर पक्के केले, तरी डोळे मिटण्याची भीती जात नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने आपद्ग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास हाती घेतला. पुनर्वसनाचे काम घरांच्या चाव्या देऊन संपत नाही, याची जाणीव त्यामागे होती.

तथापि येथेही तारतम्य हवे. आपत्तीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत वाईट स्वप्ने पडणे हे स्वाभाविक आहे. मन त्या प्रसंगाशी झुंजत असते. बहुतेकांची स्वप्ने हळूहळू विरळ होतात. महिन्यानंतरही ती तशीच राहिली, त्यांच्या जोडीला लहानशा आवाजाने दचकणे, त्या जागेकडे फिरकण्याचे टाळणे, माणसांतून उठून जाणे अशी लक्षणे दिसली, तर तो आघातोत्तर ताणाचा विकार असू शकतो. तलाठी, ग्रामसेवक आणि तात्पुरत्या निवाऱ्यांची व्यवस्था पाहणारे अधिकारी यांनी ही महिन्याची मर्यादा लक्षात ठेवावी. पंचनामा एकदाच होतो. या माणसांची विचारपूस मात्र महिन्यानंतर पुन्हा एकदा झाली पाहिजे. निवाऱ्यात रात्री मंद दिवा असावा, मुलांना आपल्या माणसांजवळच झोपू द्यावे, आणि वार्ताहरांनी वा पाहुण्यांनी त्यांच्याकडून तो प्रसंग पुन:पुन्हा वदवून घेऊ नये.

अर्थ लावण्याचा मोह

स्वप्नाचा अर्थ विचारण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. साप दिसला म्हणजे अमुक, दात पडला म्हणजे तमुक. या बाबतीत आपल्या जुन्या वैद्यकाचे मत ऐकण्यासारखे आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील पाचव्या अध्यायात स्वप्नांचे सात प्रकार सांगितले आहेत : पाहिलेल्या, ऐकलेल्या, अनुभवलेल्या, इच्छिलेल्या आणि कल्पिलेल्या गोष्टींची पाच, पुढील घटना सुचविणारे सहावे, आणि शरीरातील दोषांमुळे पडणारे सातवे. यांपैकी पहिली पाच निष्फळ, म्हणजे त्यांपासून भविष्य वर्तवू नये, असे चरकांनी स्पष्टच म्हटले आहे. सहाव्या प्रकाराशी आजचे शास्त्र सहमत होणार नाही. परंतु पाहिलेले, ऐकलेले आणि भोगलेलेच स्वप्नात येते, आणि शरीरातील बिघाडाचाही त्यात हात असतो, हे निरीक्षण आजही खरे ठरते.

दृष्ट काढणे, मीठमोहऱ्या ओवाळणे, उशाशी विळा ठेवणे, देवाचे नाव घेऊन निजणे यांनी घरातील लहानथोरांना धीर येत असेल तर त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. अडचण उत्पन्न होते ती पुढे. स्वप्नाचा 'अर्थ' सांगताना शेजारणीवर करणीचा आळ येतो, घरात फूट पडते, उपचाराला उशीर होतो, आणि क्वचित प्रसंगी 'बाहेरची बाधा' उतरविण्याच्या नावाखाली त्या दुबळ्या जिवाला मारहाण होते किंवा मिरच्यांची धुरी दिली जाते. महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी अधिनियमानुसार असे करणे हा गुन्हा आहे. पंचायतीच्या सदस्यांनी हा कायदा गावाला समजावून सांगावा. त्याबरोबरच हेही सांगावे की, या दुखण्यावर खात्रीचा उपाय आहे. कारण नुसता निषेध करून लोक देवऋषीकडे जाण्याचे थांबत नाहीत, दुसरा रस्ता दिसला म्हणजे थांबतात.

उपाय

तो रस्ता कोणता? प्रथम झोपेची शिस्त. रोज ठरावीक वेळी निजणे व उठणे, दुपारनंतर चहा-कॉफी टाळणे, झोपण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवणे, रात्री भयपट किंवा अपघातांची चलत्चित्रे न पाहणे. सौम्य त्रास एवढ्यानेच पुष्कळदा आटोक्यात येतो.

त्रास जुना असेल तर मानसोपचारात एक पद्धत विशेष उपयोगी ठरली आहे. रुग्णाने भर दिवसा, जागेपणी, आपले स्वप्न कागदावर लिहावे. मग त्यात आपल्या इच्छेप्रमाणे बदल करावा. पुरात वाहून जाण्याच्या स्वप्नात हाताला झाडाची फांदी लागली, काठावर माणसे आली, असे काहीही चालेल; बदल कोणता हे रुग्णानेच ठरवावयाचे असते. हे बदललेले स्वप्न रोज दहा-वीस मिनिटे मनात आणावे. काही आठवड्यांत जुन्या स्वप्नाचा जोर ओसरू लागतो. ऐकताना ही पद्धत फार साधी वाटते. परंतु बॅरी क्रॅको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्याचारपीडित १६८ स्त्रियांवर तिची रीतसर चाचणी घेतली, ती २००१ साली प्रसिद्ध झाली, आणि या उपचाराने त्यांची स्वप्ने घटली व झोप सुधारली. वर उल्लेखिलेल्या निद्रावैद्यक अकादमीने २०१८ सालीही याच पद्धतीची शिफारस केली. आघात मोठा असेल तेथे मात्र हे तज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे; कोणाही कार्यकर्त्याने उत्साहाच्या भरात रुग्णाला त्याचे स्वप्न लिहावयास बसवू नये.

औषधांपैकी प्रॅझोसिन या रक्तदाबावरील जुन्या औषधाचा काहींना उपयोग होतो. पण माजी सैनिकांवरील मोठ्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले, त्याचा फायदा दिसून आला नाही. म्हणून ते कोणाला द्यावे, हा निर्णय डॉक्टरांचाच. दुकानातून झोपेची गोळी आणून घेणे हा उपाय नव्हे.

आपले काम

आपणांपैकी कोणीही डॉक्टर होण्याची अपेक्षा नाही. ओळखणे, विचारणे आणि योग्य जागी पोहोचविणे, इतकेच आपले काम.

शिक्षकांनी वर्गात झोपणाऱ्या मुलाला आधी शिक्षा करू नये. एकीकडे बोलावून 'रात्री झोप लागते का?' एवढा प्रश्न विचारावा. स्वप्न काय पडते, हे चारचौघांत विचारू नये. मुलाच्या भीतीमागे घरातील मारहाण किंवा लैंगिक अत्याचार असल्याची शंका आली, तर ती मनात ठेवून चालणार नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अशी माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाचेही साहाय्य घेता येते.

कचेरीप्रमुखांनी पाळ्यांचे वेळापत्रक आखताना सलग रात्रपाळ्या आणि अपुरी विश्रांती टाळावी. सरपंच व सदस्यांनी आशा कार्यकर्तीला आणि आरोग्य उपकेंद्राला या खुणांची माहिती द्यावी. प्राथमिक आरोग्य केंद्रातून रुग्णाला जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या तज्ज्ञांकडे पाठविता येते. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने शासकीय सेवेतून असे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. ज्याला दवाखान्यात जाण्याचा संकोच वाटतो त्याने १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर बोलावे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. ती विनामूल्य असून रात्रंदिवस, मराठीतूनही मिळते.

एक इशारा मात्र विसरू नये. वारंवार पडणारी दुःस्वप्ने आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध अनेक अभ्यासांतून आढळून आला आहे. कर्जाच्या, नापिकीच्या किंवा घरगुती कलहाच्या काळजीत असलेला मनुष्य 'रात्र नकोशी झाली आहे', 'झोपच नको', 'एकदाचे सुटावे' असे बोलू लागला, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. 'जीव नकोसा वाटतो का?' असे त्याला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार बळावत नाही. उलट मन मोकळे करण्यास वाट मिळते. अशा माणसाला त्या रात्री एकटे ठेवू नये, कीटकनाशके व दोर त्याच्या हाती लागणार नाहीत असे करावे, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.

मित्रहो, गावात ताप आला तर आपण कपाळाला हात लावून पाहतो. झोपेचा ताप असा हाताला लागत नाही. तो विचारावा लागतो. उद्या आपण शाळेत, चावडीवर, कचेरीत जाल तेव्हा ज्याचा चेहरा ओढलेला दिसेल, ज्याचे कामात लक्ष नसेल, त्याला खुशाली विचारताना एक प्रश्न अधिक विचारा : 'झोप नीट लागते ना?' आणि 'नाही' असे उत्तर आले, तर त्याच्याजवळ दोन मिनिटे बसा. पुढचा रस्ता त्याला दाखविण्याइतकी माहिती आता आपणांपाशी आहे.